तंटे शून्य

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या मुकुंदवाडीत कुणालाही विचारा. माझ्या घराचा पत्ता सांगायच्या आधी लोक तेवढं सांगतील. हिला भांडायला कारण लागत नाही, असं घरचे म्हणतात. लागतं हो, फक्त ते शोधायला मला वेळ लागत नाही. म्हणून आज मी एका भांडणाबद्दल आभार मानायला बसले आहे हे ऐकून माझी सख्खी बहीणसुद्धा फिदीफिदी हसली. गोष्ट अशी, की आमच्याकडं एकदा भांडण झालंच नाही, आणि त्यापायी एका म्हाताऱ्या बाईंची बाग जाता जाता राहिली.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीत मी काम करते. आम्ही शेतातल्या ठिबकसाठी यंत्र बनवतो. विहिरीजवळ एक पेटी बसवायची. लाईट आली की ती मोटार चालू करते, बागेच्या एकेका पट्ट्याचा वॉल उघडते, ठरलेलं पाणी देते आणि मालकाच्या मोबाईलवर तसं कळवते. या पेटीच्या पोटातला प्रोग्राम आम्ही ओळ-ओळ लिहीत बसत नाही. आधी त्याचा आराखडा काढतो, त्याला मॉडेल म्हणतो. चौकटी आणि बाण, एवढंच असतं त्यात. 'मोटार बंद' ही एक चौकट, 'मोटार चालू' ही दुसरी, आणि लाईट आली की हिच्यातून तिच्यात जायचं, हा बाण. मॉडेल नीट जुळलं की त्यावरून प्रोग्राम कॉम्प्युटरच तयार करतो.

काम दोन टीममध्ये वाटलेलं होतं. मोटार आणि लाईटची बाजू माझ्याकडं, वॉल आणि पाण्याची बाजू दुसऱ्या टीमकडं. मॉडेल मात्र एकच. दोघांनी त्याची आपापली प्रत घ्यायची, आठवडाभर तिच्यात बदल करायचे आणि शनिवारी दोन्ही प्रती एकात मिसळायच्या. दोघांनी एकाच चौकटीला वेगवेगळा हात लावला असेल, तर मिसळणारं सॉफ्टवेअर ती चौकट लाल करतं आणि विचारतं, आपलं ठेवू का त्यांचं? त्याला इंग्रजी नाव आहे, पण आम्ही म्हणायचो तंटा. पडद्याच्या खाली आकडा यायचा. आज तंटे सात, आज तंटे अकरा. मग दोन्ही टीम एका टेबलाशी बसून चहावर चहा ढोसत एकेक तंटा मिटवायच्या. खरं सांगते, मला शनिवार आवडायचा.

दुसऱ्या टीमचा प्रमुख माझ्याच वयाचा. पैठणकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. आम्ही एकाच साली कंपनीत लागलो, तेव्हापासून अरे-अगंचं बोलणं. मी भांडते तेव्हा खालच्या मजल्यावर ऐकू जातं. तो भांडतो तेव्हा गप्प बसतो, आणि ते लई वाईट. पण इतकी वर्षं आमचं निभलं होतं, कारण माझं ओरडून झालं की तो दोन वाक्यांत मुद्दा सांगायचा आणि बहुतेक वेळा तो मुद्दा बरोबर असायचा.

एका शनिवारी तो आईला दवाखान्यात घेऊन गेला. पडद्यावर तंटे नऊ. मला घरी जायची घाई होती, आणि त्या आठवड्यात आमची चांगलीच जुंपली होती, तो रागही डोक्यात होताच. मी नऊच्या नऊ ठिकाणी 'आपलं ठेवा' दाबलं. त्याच्या टीमचं आठवड्याचं काम एका मिनिटात बाजूला पडलं. जुन्या प्रतीत ते होतं म्हणा, पण पुन्हा बसवायला त्यांना चार दिवस लागले. सोमवारी तो आला, त्यानं पाहिलं, पाणी प्यायला. मी भांडायला कंबर कसून बसलेली. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं काम झालं की कळवा." अगं गेलं आणि मॅडम आलं. त्यानं शिवी दिली असती तरी मला इतकं लागलं नसतं.

माफी मागायला पाहिजे होती. नाही मागितली. आमच्या घरात 'माझं चुकलं' हे शब्द कुणी वापरत नाही, वापरायची सवयच नाही. मी उलट आणखी ताठ झाले.

साहेबांच्या कानावर हे गेलंच. उन्हाळा तोंडावर आला होता आणि पेटीची पहिली चाचणी खऱ्या बागेत घ्यायची ठरली होती. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि सांगितलं की मला पडद्यावर यापुढं लाल दिसता कामा नये. मोटारीच्या चौकटीला हिनं हात लावायचा, वॉलच्या चौकटीला त्यानं. कुणी कुणाच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही. आम्ही दोघांनी मुंड्या हलवल्या. बोलणंच नको असेल तर यापेक्षा चांगली सोय कोणती?

फक्त एका बाबतीत एकत्र बसावं लागलं, ते म्हणजे नावांच्या. चौकटीला जे नाव असेल तेच पेटीच्या पडद्यावर आणि मोबाईलवर दिसावं, आणि ते शेतात बोलतात त्या मराठीत असावं, हा माझा हट्ट. त्या यादीत 'पाळी' हा शब्द आला आणि साहेब लाजले. इकडंतिकडं बघत म्हणाले, हे बरं दिसत नाही, 'आवर्तन' करू या, नाहीतर 'सत्र'. मी उसळलेच. कुठला शेतकरी घरी येऊन म्हणतो की आज आमचं आवर्तन होतं? बाया-माणसं सगळी पाळीच म्हणतात, तुम्हाला लाज वाटत असेल तर डोळे मिटा, म्हटलं. आणि आश्चर्य म्हणजे तो, ज्यानं महिनाभर माझ्याकडं मान वर करून पाहिलं नव्हतं, तोही म्हणाला की मॅडम बरोबर बोलतात, पाळीच ठेवा. साहेबांनी हात टेकले. त्या महिन्यात आमचं दोघांचं एकमत झालेला तेवढाच एक शब्द.

चाचणीची बाग दौलताबादला, किल्ल्याच्या पायथ्याशी. पेरूची. मालकीण उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. गावात सगळे त्यांना आपा म्हणत, म्हणून आम्हीही आपाच म्हणू लागलो. बागेचे चार पट्टे. पहिले तीन त्यांच्या सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या हातचे, जुनी झाडं. चौथा आपांनी निवृत्त झाल्यावर स्वतः लावला होता. रोपं विकत नाही आणली. घरच्याच झाडांच्या फांद्यांना ओल्या शेवाळाच्या गुट्या बांधून, मुळं फुटली की कापून, एकेक खड्ड्यात त्यांनी आपल्या हातानं बसवली होती. रोपांचं ते पहिलंच कडक ऊन. पेटी बसवायला परवानगी देताना आपांनी एवढंच बजावलं, की मोठी झाडं सोसतील, पण ही पोरं चार दिवस तहानेली राहिली तर जातील, तेवढं बघा. मी छातीठोकपणे सांगितलं की आपा, तुमच्या हातापेक्षा आमचं यंत्र नेमानं पाणी देईल. उचलली जीभ लावली टाळ्याला.

बागेत न्यायच्या आधीच्या शनिवारी आम्ही दोन्ही प्रती शेवटच्या मिसळल्या. पडद्यावर आलं, तंटे शून्य. कुठंच लाल नाही. साहेब म्हणाले, चला, आपलं गाव तंटामुक्त झालं, आणि छावणीतून जिलबी मागवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो आणि मी टेबलाच्या दोन टोकांना बसून एकमेकांकडं न बघता जिलबी खाल्ली.

दौलताबादला पेटी बसवतानाही तेच. वायर कुठून न्यायची यावरून मी आपांच्या अंगणातच त्याच्यावर खेकसले. तो म्हणाला, बरं मॅडम. आपा शरबताचे दोन पेले घेऊन आल्या होत्या. त्या थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या, मग पेले आमच्या मधल्या ओट्यावर ठेवून आत गेल्या.

पुढचे तीन आठवडे माझ्या मोबाईलवर रोज निरोप यायचा, 'पाळी पूर्ण'. कधी दिवसातून दोनदा, कधी तीनदा. मी साहेबांना दाखवायचे, साहेब खूश. मी दोनदा आपांना फोन केला. सगळं ठीक आहे बेटा, तुम्ही काळजी करू नका, असं त्या म्हणाल्या. मग ठरलेल्या तपासणीला आम्ही दोघं गेलो, कंपनीच्या जीपमध्ये. तासाभराच्या वाटेत आमचं एक अक्षर बोलणं झालं नाही.

पहिल्या पट्ट्यात पाय ठेवला तर चिखल. मी म्हटलं वा, पाणी भरपूर आहे. तो सरळ चालत चौथ्या पट्ट्यात गेला आणि उकिडवा बसला. मी मागून पोचले. रोपं हिरवीगार होती. मला हायसं वाटलं. त्यानं मातीत बोट घातलं, मग ठिबकची नळी उचलून पाहिली. नळीच्या भोकाशी धूळ साचून घट्ट झाली होती, आणि एका भोकात मुंगीनं माती भरली होती.

"हे ठिबकचं पाणी नाय," तो म्हणाला. "ठिबकचं पाणी भोकाखाली हातभर ओलं करतं. इथं सगळं आळं भिजलंय. हे कळशीचं पाणी आहे."

मी वर पाहिलं तर आपा बांधावर उभ्या होत्या. चोरी पकडल्यावर होतो तसा चेहरा. त्यांच्या तळहातांकडं माझं लक्ष गेलं, कारण त्यांनी ते ओढणीखाली घेतले. मी पुढं होऊन हात धरले. विहिरीच्या दोरानं दोन्ही हातांना फोड येऊन फुटले होते. तीन आठवडे, रोज सकाळी, गुडघे दुखत असताना, त्या विहिरीतून पाणी शेंदून चौथ्या पट्ट्याला घालत होत्या. कुंपणाजवळची शेवटची तीन रोपं मात्र वाळली होती, तिथवर कळशी नेणं त्यांना झालं नव्हतं. त्यानं तिन्ही रोपांची साल नखानं खरवडून पाहिली, कुठं हिरवं दिसतंय का म्हणून. तिन्ही आतून तपकिरी.

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि माझं नेहमीचंच, राग आधी बाहेर पडला. मी त्यांनाच विचारलं, की अहो आपा, मी दोनदा फोन केला, एकदा तरी सांगायचं, आम्हाला दोन शिव्या द्यायच्या.

आपा खाली बघत म्हणाल्या, "बेटा, तुम्ही दोघं माझ्या अंगणात भांडत होतात. वर्गात दोन पोरं भांडत असली की तिसरं पोर पेन्सिल हरवल्याचं सांगत नाही. मला वाटलं, मी तक्रार केली तर तुमच्यातल्या एकाची नोकरी जाईल."

आम्ही दोघं तिथंच बांधावर बसलो. मग त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला, मॉडेल उघडलं आणि वॉल, मोटार करत एकेक चौकट बघू लागला. मीही वाकून बघू लागले. 'पाळी' या चौकटीशी आम्ही दोघं थांबलो. तिला दोन बाण होते, 'सुरू' आणि 'संपली'. ही चौकट माझी आहे, असं मी म्हटलं. नाही, ती माझी आहे, असं तो म्हणाला.

"तुझी पाळी कशाची?" त्यानं विचारलं.

"लाईटची. आणि तुझी?"

"पाण्याची."

माझे पप्पा चिकलठाण्यालाच कारखान्यात होते. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी, आमचं अख्खं घर त्यावर चालायचं. पाळी म्हणजे वरून ठरवून दिलेला वेळ, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. शेतातल्या लाईटचंही तसंच. एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची. लाईट आली की पाळी सुरू, गेली की संपली. तशीच मी ती काढली होती. त्याच्या गावात चार भावकींची एक विहीर. तिथं पाळी म्हणजे पाण्याचा नंबर. तो सुरू होतो तुमच्या वावरात पाणी शिरलं की, आणि संपतो शेवटचा वाफा भिजला की. मधे लाईट गेली तर पाळी संपत नाही, लाईट यायची वाट बघते. तशीच त्यानं ती काढली होती. माझी पाळी भोंगा वाजला की संपायची आणि त्याची काम झालं की.

दोघांनी आपापली नवी चौकट काढलेली, नाव तेच, बाणही तेच. सॉफ्टवेअरला वाटलं दोघांनी एकच गोष्ट काढली आहे. त्यानं एक ठेवली, दुसरी तिच्यात विरघळवली. लाल कशाला करील? मग बागेत काय व्हायचं, तर तिसऱ्या पट्ट्याला पाणी चालू असताना लाईट जायची. उन्हाळ्यात ती दिवसातून तीन-चारदा जातेच. लाईटची पाळी संपली, म्हणजे पेटीच्या हिशेबी पाण्याचीही संपली. लगेच माझ्या मोबाईलवर 'पाळी पूर्ण'. लाईट परत आली की पुन्हा पहिल्या पट्ट्यापासून सुरुवात. म्हणून पहिल्यात चिखल, आणि चौथ्यापर्यंत पाणी पोचलंच नाही. कंपनीत तपासताना आम्ही मधे लाईट घालवलीच नव्हती. आमच्याकडं ती कुठं जाते?

आणि हा शब्द कुणाच्या हट्टानं आला? माझ्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आवर्तन पाण्याचंच असतं; ते ठेवलं असतं तर तो त्याच्या चौकटीला ते नाव देऊन बसला असता आणि मी माझ्या चौकटीला वेगळं शोधलं असतं. पण खरा दोष नावाचा नव्हता. आमचं बोलणं चालू असतं, तर शनिवारी चहा पिताना कुणीतरी सहज विचारलं असतं, अरे तुझी पाळी कधी संपते? एका वाक्याचं काम होतं. मी नऊ वेळा 'आपलं ठेवा' दाबून ते वाक्य बंद पाडलं होतं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "त्या शनिवारचं पण."

त्यानं लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला. मग म्हणाला, "अगं, मी तरी कुठं तोंड उघडलं? मला राग आला होता तर भांडायला पाहिजे होतं. मी मॅडम-मॅडम करत बसलो." ते 'अगं' ऐकून मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिते. मला घरी परत आल्यासारखं वाटलं.

पेटी आम्ही तेव्हाच हाताच्या बटणावर टाकली आणि चौथ्या पट्ट्याचा वॉल उघडला. नळीतली धूळ काढायला आम्हाला दुपार झाली. भोकं तो साफ करत होता आणि मी पाणी आलं का ते ओरडून सांगत होते. मॉडेल दुरुस्त करताना नावाचा निवाडा आपांनीच केला. लाईटला पाळी राहू द्या, पाण्याला फेरा म्हणा, असं त्यांनी सुचवलं. त्याला 'फेरा' पटेना, मला पटला, आणि आम्ही त्यांच्या ओट्यावर अर्धा तास कडाकडा भांडलो. आपा लसूण सोलत ऐकत होत्या आणि मधेच एकदा हसल्या.

तेव्हापासून आमच्याकडं एक रीत पडली आहे. शनिवारी लाल चौकटी नंतर बघतो. आधी त्या चौकटी बघतो ज्या न भांडता जुळल्या. प्रत्येकानं आपली चौकट मोठ्यानं वाचायची, ही कधी सुरू होते आणि कधी संपते ते साध्या मराठीत सांगायचं, समोर आपा बसल्या आहेत असं धरून. नव्यानं लागलेल्या पोरींना हे वेळकाढू वाटतं. वाटू दे. आकडा परत नऊ-अकरावर गेला आहे आणि साहेबही आता लाल दिसलं की घाबरत नाहीत.

निघताना मी आपांना हात जोडून एकच मागितलं होतं, की यापुढं काही बिघडलं तर गप्प बसायचं नाही, भांडायचं. हौ, बघू, असं म्हणून त्यांनी विषय टाळला होता. तीन रोपांचं त्या तेव्हाही काही बोलल्या नाहीत. तेच मला टोचत राहिलं. एवढं सोसून जे माणूस बोलत नाही त्याचा आपल्यावर विश्वास नाही, असं मला वाटायचं.

पावसाळा लांबला त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी सातला मी दूध तापत ठेवलं होतं आणि आपांचा फोन आला. सलाम नाही, कशी आहेस नाही. चौथ्या पट्ट्यात तिसऱ्या ओळीत पाणी कमी येतंय, तुमचं यंत्र म्हणतंय सगळं ठीक, हे कुठलं ठीक? बघायला कुणी येणार आहे, की मी परत कळशी उचलू? आणि त्या माझ्या तीन पोरांचं काय केलंत, आज विचारते, तुमच्या भांडणात माझी तीन रोपं गेली, मी त्यांची मुळं फुटायची रोज वाट बघितली होती, तुम्हाला आहे का त्याची काही किंमत? शाळेत पोरांना झापत असतील त्या आवाजात त्या बोलत होत्या, थांबायलाच तयार नव्हत्या. दूध उतू गेलं, मी गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून ऐकत राहिले. व्हय आपा, चुकलं आपा, एवढंच म्हणत होते, आणि नाक ओढलेलं त्यांना तिकडं ऐकू गेलं असणार.

"रडतेस काय?" आपा म्हणाल्या. "लिहून घे."